देशाचा स्वभाव आणि कामाचा करार

मालकांशी वाटाघाटी करण्यासाठी मेजाच्या अलीकडे बसणाऱ्या आम्हां युनियनच्या कार्यकर्त्यांना एक वाक्य वारंवार ऐकावे लागते. कारखाना देशी भांडवलाचा असो वा परदेशी, कामाच्या ओझ्याची गोष्ट निघाली की पलीकडून कोणी तरी म्हणतो, "अहो, जपानी कामगाराकडे पाहा. शिस्त त्याच्या रक्तातच आहे. आपल्या लोकांत ती कोठून येणार?" हे बोलणारा माणूस दुष्ट असतो असे नाही. पुष्कळदा तो याच मातीतला असतो आणि आपल्या माणसांविषयी मनापासून हळहळत असतो. परंतु मनापासून बोलले म्हणजे ते खरे ठरते असे थोडेच आहे? शिस्त रक्तात असते की कामाच्या अटींत, हा प्रश्न आम्हांला पोटापाण्याचा आहे. शिस्त रक्तातच असेल तर करार करून काही साधणार नाही. चाबूक किंवा उपदेश एवढेच उपाय उरतील. ती अटींत असेल तर मात्र अटींविषयी बोलावे लागेल, आणि तेही दोन्ही बाजूंनी.

आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर. त्या वाचनात या प्रश्नाची जवळजवळ प्रयोगशाळेत व्हावी तशी परीक्षा इतिहासात एकदा झालेली आढळली. तीच आज आपल्यापुढे ठेवायची आहे. पण परमुलखात जाण्याआधी घरचे थोडे पाहू.

मुंबईत १८५० नंतर कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. भांडवल बहुतांशी हिंदी, यंत्रे लँकेशायरची, आणि खात्यांवरचे मास्तर व मॅनेजरही प्रारंभी पुष्कळसे तिकडचेच. कामगार रत्नागिरीचा, साताऱ्याचा. साहेबाला मराठी येत नव्हते आणि कामगाराला इंग्रजी. दोन मुलखांची माणसे एका छपराखाली आली, पण एकमेकांशी बोलायची कशी? त्यावर जी तोड निघाली तिचे नाव जॉबर. माणूस कामावर लावणारा जॉबर, काढणारा जॉबर, आणि त्याबद्दल दस्तुरी घेणाराही तोच. साहेबाला आपल्या हाताखालची माणसे ओळखण्याची गरजच उरली नाही. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील मजूर कमिशनने १९३१ साली शिफारस केली की कामगार नेमण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा. १९३५ मध्ये मुंबईत बदली कामगारांची नोंद करण्याची पद्धत सुरू झाली. परक्या माणसांकडून काम करून घेण्याची आपल्याकडची जुनी रीत ही अशी होती: मधे एक दलाल ठेवावा आणि आपण वर बसावे.

जपानचे उदाहरणही आपल्याला नवे नाही. पहिल्या महायुद्धानंतर जपानी कापड आपल्या बाजारात स्वस्त येऊ लागले, तेव्हा विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, कातणाराने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशा योजना मुंबईच्या मालकांनी पुढे आणल्या. १९२८ चा सुमारे सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला त्याच्या मुळाशी हे प्रश्न होते. जपानी गिरणीकडे बोट दाखवणे सोपे होते. पण त्या गिरणीत प्रामुख्याने खेड्यांतून आणलेल्या कोवळ्या मुली काम करीत, कारखान्याच्याच वसतिगृहांत राहत, आणि १९२९ पर्यंत रात्रपाळीही करीत, हे सांगितले जात नसे. उत्पादनाचा आकडा समुद्र ओलांडून येई, त्यामागची अट मात्र तिकडेच राही.

आता त्या परीक्षेकडे वळू. १९८२ हे साल गिरणगावाच्या काळजावर कोरलेले आहे. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट या गावी, जनरल मोटर्स कंपनीने आपला मोटारींचा एक मोठा कारखाना बंद केला. तेथील कामगार युनायटेड ऑटो वर्कर्स या बलाढ्य युनियनचे सभासद. या कारखान्याचा लौकिक असा होता की, साऱ्या अमेरिकेतील मोटारधंद्यात याहून वाईट कामगार नाहीत, असे खुद्द युनियनचे वरिष्ठ पुढारीही मान्य करीत. गैरहजेरी शेकडा वीसच्या घरात. काही सोमवारी पट्टा चालू करण्यापुरतीही माणसे येत नसत. कामावर दारू चाले, अचानक संप होत, तक्रारअर्जांचे ढीग पडत. रागाच्या भरात कोणी मुद्दाम गाडीच्या दारात रिकामी बाटली ठेवून देई, म्हणजे गिऱ्हाईकाने आयुष्यभर तिचा खडखडाट ऐकावा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या कारखान्यात जुळणीचा पट्टा थांबवणे हा कामगाराने करावयाचा सर्वांत मोठा अपराध होता. बोल्ट चुकीचा बसला, भाग उलटा लागला, तरी गाडी पुढे जाऊ द्यायची. बिघाड शेवटी आवारात दुरुस्त करायचा. माणसाने पाहायचे, पण बोलायचे नाही. आपल्या हातून वाईट माल जातो आहे हे कळत असून गप्प राहावे लागणे, याने माणूस जितका नासतो तितका दारूनेही नासत नसेल.

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, जनरल मोटर्स आणि जपानची टोयोटा कंपनी यांनी मिळून तो बंद कारखाना पुन्हा उघडण्याचे ठरवले. दोघांनाही आपापली गरज होती. लहान मोटार फायद्यात कशी बनवावी हे जनरल मोटर्सला साधत नव्हते. टोयोटाला अमेरिकेत पाय रोवायचा होता, कारण १९८१ पासून जपानी मोटारींच्या निर्यातीवर मर्यादा आली होती. आणि अमेरिकन कामगार आपल्या पद्धतीने काम करील की नाही हेही तिला अजमावायचे होते. नव्या कंपनीचे नाव न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग, लोकांच्या तोंडी 'नम्मी'. अध्यक्ष झाले टोयोटा घराण्यातील तात्सुरो टोयोडा.

टोयोटाला जुने कामगार नको होते, यात नवल नाही. परंतु अमेरिकेचे माजी मजूरमंत्री विल्यम युसेरी यांनी मध्यस्थी केली, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये युनियनशी समझोता झाला: नवी भरती प्रामुख्याने जुन्या कामगारांतूनच होईल. पहिल्या सुमारे बावीसशे कामगारांपैकी शेकडा पंच्याऐंशी माणसे त्या बदनाम कारखान्यातलीच होती. युनियनचे जुने पुढारीही त्यांत होते. म्हणजे छप्पर तेच, गाव तेच, युनियन तीच, माणसेही तीच. बदलल्या त्या फक्त कामाच्या अटी आणि वागवण्याची रीत. परीक्षा म्हणतो ती यामुळेच.

काय बदलले ते क्रमाने पाहा. आरंभीच चारशेहून अधिक गटप्रमुखांना आणि त्यांच्यावरच्या प्रमुखांना तुकड्या-तुकड्यांनी जपानला, टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात, काही आठवडे काम शिकायला पाठवले. तेथे त्यांनी पट्ट्याच्या कडेने टांगलेली एक दोरी पाहिली. कामगाराला अडचण आली की त्याने दोरी ओढायची. दिवा लागतो, सूर वाजतो, गटप्रमुख धावत येतो आणि विचारतो, काय अडले? वेळेत निस्तरले नाही तर पट्टा थांबतो. दोरी ओढणाऱ्याला कोणी रागे भरत नाही. पट्टा थांबवणे हा जेथे गुन्हा होता, तेथून आलेल्या माणसांना हे केवढे नवल वाटले असेल याची कल्पना करा. फ्रीमाँटला हीच दोरी आली.

दुसरा बदल घड्याळाचा. कामाला किती सेकंद लागावेत हे पूर्वी वेळमापन करणारे इंजिनिअर ठरवीत. हातात घड्याळ घेऊन मागे उभा राहिलेला साहेब कामगाराला कोणत्याही देशात आवडत नाही. नम्मीत ते घड्याळ कामगारांच्याच हाती दिले. चार-सहा जणांच्या गटाने आपल्या कामाची रीत स्वतः मोजायची, स्वतः लिहायची आणि सुचेल तशी सुधारायची. गटप्रमुख हा युनियनचाच सभासद. तिसरा बदल म्हणजे कामाच्या पूर्वीच्या कित्येक डझन प्रतवाऱ्या जाऊन उत्पादनातील सर्वांची एकच प्रत झाली. चौथा, साहेबांचे वेगळे भोजनगृह गेले आणि मोटारी उभ्या करण्याच्या त्यांच्या राखीव जागाही गेल्या. पगार मात्र युनियनच्या दराने; त्यात तडजोड नव्हती.

पाचवी गोष्ट आमच्या मते सर्वांच्या मुळाशी आहे. १९८५ च्या करारात कंपनीने लिहून दिले की, कारखान्याचे अस्तित्वच धोक्यात येण्यासारखी आपत्ती आल्याखेरीज नोकरकपात होणार नाही. आणि तशी वेळ आलीच तर आधी अधिकाऱ्यांचे पगार कापले जातील, बाहेर दिलेले काम आत आणले जाईल, आणि मगच कामगाराकडे पाहिले जाईल. काम सुधारण्याची युक्ती सांगितली तर आपलीच जागा जाईल, ही भीती ज्याच्या मनात आहे तो युक्ती सांगणार नाही. दोरीला बळ येते ते या कलमातून.

परिणाम काय झाला? गैरहजेरी शेकडा दोनवर आली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, जनरल मोटर्सच्या फ्रॅमिंगहॅम येथील कारखान्यात एका मोटारीच्या जुळणीला ३१ तास लागत, ताकाओकाला १६, आणि फ्रीमाँटला १९. शंभर मोटारींमागे जुळणीचे दोष फ्रॅमिंगहॅमला १३५. ताकाओकाला ४५ आणि फ्रीमाँटलाही ४५. अमेरिकेतील सर्वांत वाईट म्हणून हिणवलेल्या माणसांचे काम निर्दोषपणात जपानी कामगारांच्या कामाशी तोडीस तोड ठरले. त्यांचे रक्त काही कोणी बदलले नव्हते.

शब्दाची कसोटी पडत्या काळात लागते. १९८७-८८ मध्ये कारखान्यात तयार होणारी नोव्हा ही मोटार बाजारात चालेना. कारखाना आपल्या ताकदीच्या शेकडा साठपेक्षाही कमी चालू लागला. इतर कोठेही कामगार घरी बसले असते. येथे एकालाही काढले नाही. रिकाम्या वेळात त्यांना शिक्षण दिले, कामाच्या सुधारणा करायला लावल्या. जॉन शूक या नावाचा एक अमेरिकन गृहस्थ टोयोटात नोकरीला होता आणि नम्मीच्या शिक्षणक्रमात त्याचा हात होता. त्याने २०१० साली लिहिलेल्या लेखाचे सार असे, की आधी माणसांचे विचार बदला मग वागणे बदलेल हा समज उलटा आहे. आधी कामाची रीत बदला, विचार मागून येतात.

येथे कोणी म्हणेल, रीत तरी जपानीच ना? तेव्हा जपानचाच इतिहास पाहू. १९५० साली टोयोटा कंपनी दिवाळ्याच्या काठावर होती. नोकरकपात करणार नाही असा दिलेला शब्द मोडण्याची पाळी आली, मोठा संप झाला, दोन हजारांवर कामगारांना कारखाना सोडावा लागला, आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी स्वतः अध्यक्षपद सोडले. परस्पर विश्वासाचे जे संयुक्त निवेदन युनियनने व कंपनीने काढले ते १९६२ चे. म्हणजे त्या जखमेनंतर बारा वर्षांनी. ज्याला आज जपानी स्वभाव म्हणतात तो पुष्कळसा या भांडणाचा आणि त्यातून निघालेल्या समझोत्याचा गाळ आहे. आणि त्या समझोत्यात सारेच गोड नव्हते. निसान कंपनीत १९५३ साली टाळेबंदी करून लढाऊ युनियन मोडली आणि तिच्या जागी कंपनीला मानवणारी युनियन उभी राहिली, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

पुढारी कारागिराने नवख्याला काम कसे शिकवावे, याची टोयोटाची पद्धत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तयार झालेल्या एका शिक्षणक्रमावर आधारलेली होती. युद्धानंतर अमेरिकनांनीच ती जपानला नेली. फ्रीमाँटला ती माहेरी परत आली आणि लोकांनी तिला परदेशी म्हटले! दोरीची कल्पना मात्र अस्सल टोयोडांची, आणि तिचा उगम आपल्या गिरणगावाला समजेल असा आहे. किइचिरोचे वडील साकिची यांनी १९२४ साली असा स्वयंचलित माग सिद्ध केला की धागा तुटला की माग आपोआप थांबे. वाईट कापड विणलेच जात नसे. १९२९ मध्ये त्याचे हक्क विकत घेतले ते ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने. हे नाव आपल्या जुन्या गिरणी कामगारांना सांगायला नको. कित्येक यंत्रांवर ते ओतलेले असे. जपानी, इंग्रज, अमेरिकन अशी लेबले लावून आपण भांडतो, पण कामाची विद्या देशोदेशी हिंडते आणि प्रत्येक मुक्कामी तिला नवा पाहुणचार मिळतो.

पाहुणचार न मिळाला तर काय होते, तेही जनरल मोटर्सनेच दाखवले. कॅलिफोर्नियातच व्हॅन नाइस येथील कारखान्यात तिने १९८७ च्या सुमारास गटाने काम करण्याची पद्धत आणली. परंतु तेथे ती कारखाना बंद होण्याच्या टांगत्या तलवारीखाली आणली गेली. युनियनमध्ये फूट पडली, फोरमनने हुकूम चालवण्याची सवय सोडली नाही. दोरी टांगता येते. पण ती ओढल्यावर धावून येणारा माणूस बाजारात विकत मिळत नाही. १९९२ साली तो कारखाना बंद झाला.

आता या चित्राची काळी बाजू. आम्ही युनियनची माणसे. ती झाकून ठेवली तर आमच्या सभासदांना तोंड दाखवता येणार नाही. नम्मीतील काम हलके नव्हते. जुन्या कारखान्यात कामगार मिनिटातले सुमारे ४५ सेकंद हात चालवी, नव्यात ५७, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. मधले बारा सेकंद म्हणजे श्वास घेण्याचा वेळ. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर या कामगार चळवळीतील लेखकद्वयाने १९८८ मध्येच या पद्धतीला ताणाने चालवलेले व्यवस्थापन म्हटले. खुद्द नम्मीच्या युनियनमध्ये वेग वाढवण्याविरुद्ध बोलणारा गट होता. १९९३ साली, नवे मॉडेल सुरू होताना, हात व पाठ यांच्या दुखापतींच्या प्रश्नावरून कॅलिफोर्नियाच्या सुरक्षा खात्याने कंपनीवर ठपका ठेवला. युनियन होती म्हणून हे उघड्यावर आले. दोरी कंपनीने टांगली होती हे खरे, पण दुखते कोठे ते सांगायला युनियनच लागली.

आणि शेवट? २००९ साली जनरल मोटर्सचे दिवाळे निघाले आणि ती या भागीदारीतून बाहेर पडली. एकट्याने कारखाना चालवायचा नाही असे टोयोटाने ठरवले. पंचवीस वर्षांत सुमारे ऐंशी लाख गाड्या बनवून १ एप्रिल २०१० रोजी फ्रीमाँटचा पट्टा थांबला. या वेळी दोरी कामगाराने ओढली नव्हती. सुमारे ४,७०० माणसे बेकार झाली. नुकसानभरपाई मिळाली, पण काम गेले. अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या जुळवणारा, युनायटेड ऑटो वर्कर्स युनियन असलेला तो एकमेव कारखाना होता. पुढे टेस्ला कंपनीने तीच जागा घेऊन मोटारी काढल्या, पण युनियनवाचून. चांगले काम केले म्हणून कारखाना टिकतोच असे नाही. टिकण्याचा निर्णय जेथे होतो त्या मेजापर्यंत कामगाराची दोरी पोहोचत नाही, हा त्या १ एप्रिलचा धडा आहे.

मंडळी, ही केवळ दूरदेशीची कथा नव्हे. याच टोयोटाने आपल्या किर्लोस्करांशी भागीदारी करून बेंगळुरूजवळ बिडदी येथे कारखाना काढला. किर्लोस्कर म्हणजे १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवणारे मराठी उद्योगघराणे. जपानी पद्धत आणि देशी उद्योगाचा अनुभव यांची ही जोड. तरीही तेथे २००६, २०१४ आणि २०२० अशी तीनदा टाळेबंदीपर्यंत पाळी आली. २०१४ आणि २०२० मध्ये कामावर परतताना कामगारांनी सद्वर्तनाची हमी लिहून द्यावी असा आग्रह कंपनीने धरला आणि वाद अधिकच चिघळला. फ्रीमाँटला हमी प्रथम कंपनीने लिहून दिली होती; येथे ती कामगाराकडे मागितली गेली. कन्नड कामगार आणि अमेरिकन कामगार यांच्या स्वभावात फरक शोधण्याआधी हा फरक नीट पाहावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

देशोदेशींच्या चालीरीती वेगळ्या असतात हे आम्ही नाकारीत नाही. कोणी वाकून नमस्कार करतो, कोणी हात पुढे करतो. कोणी नकार तोंडावर देतो, कोणी गप्प राहून देतो. परक्या माणसांत काम करणाऱ्याने हे शिकलेच पाहिजे, आणि जॉबरच्या मागे लपून न राहता स्वतः शिकले पाहिजे. पण चालीरीतींचे नाव पुढे करून अटी लपवल्या जातात, तेव्हा सावध राहावे. यापुढे कोणी आपल्याला परदेशातील शिस्तीचा दाखला दिला, तर त्याला रागावू नये. शांतपणे चार गोष्टी विचाराव्यात: तेथे पट्टा कोण थांबवू शकतो? घड्याळ कोणाच्या हातात आहे? मंदी आली तर आधी कोणाचा पगार कापला जातो? आणि हे सारे कोणी कोणाला लिहून दिले आहे? या चार प्रश्नांची उत्तरे समोर आली की आम्हीही दाखला ऐकायला बसू, आणि त्यातले घेण्यासारखे असेल ते मागणीपत्रात घालू.